फीत खाल्लेल्या बकरीच्या पाच बातम्या

बकरी जिना चढून वर आली तेव्हा मी टेबलावर पाच पेपर पसरून बसले होते आणि पाचही पेपरांत त्याच बकरीची बातमी होती. निदान छापलेलं तरी तसं होतं.

बकरीमागून दोर धरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. पदर खोचलेला, पायात रबरी चपला, काखेत तुरीच्या पाल्याची पेंडी. दम लागला होता, पण खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

“पेपरायची तुलना करनाऱ्या म्याडम तुमीच काय?”

“हो, मीच.”

“मी सुमन. आन् हे मैना. नीट पाहून घ्या हिले. हिनं फीत खाल्ली नाई.”

मी पेन खाली ठेवलं. बातमीवर हरकत घ्यायला आजवर माझ्याकडे पुढारी आले, त्यांचे वकील आले, एकदा तर अख्खा बँड आला. आरोपी स्वतःच्या पायानं जिना चढून आल्याची ही पहिलीच वेळ.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चिखलीत आमचं साप्ताहिक निघतं. ऑफिस बाजारात, एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खाली खतं, बियाणं आणि फवारणीची औषधं, वर बातम्या. दोन्हींचे मालक बाळाभाऊ. आमच्या पेपराला युरियाचा वास येतो असं लोक म्हणतात. तो येतोच, त्यात खोटं काही नाही.

मी आधी अकोल्याच्या एका दैनिकात डेस्कवर होते. गावोगावच्या वार्ताहरांकडून बातम्या येतात, त्या कापायच्या, सरळ करायच्या, त्यांना मथळा द्यायचा, हे काम ऑफिसात बसून जे करतात त्यांना डेस्क म्हणतात. बातमी एक जण लिहितो आणि तिचा मथळा भलताच माणूस देतो, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. चिखलीत आल्यावर बाळाभाऊंनी मला एक सदर दिलं, ‘एक घटना, पाच पेपर’. जिल्ह्यातली एखादी घटना घ्यायची, ती कोणी कशी छापली ते शेजारी शेजारी ठेवायचं आणि वाचकाला दाखवायचं. बाळाभाऊंना त्यात पेपरांना मार्क द्यायचे होते. मी म्हटलं, मार्क नाही द्यायचे, आपण काही परीक्षक नाही. मग ते म्हणाले, निदान चांदण्या तरी द्या. चांदण्याही मी दिल्या नाहीत. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर थोडा राग आहे.

सदर मात्र चाललं. इतकं चाललं की लोकांना ते कोर्टच वाटायला लागलं. दोन भावांत बांधावरून वाद झाला तरी कोणीतरी फोन करायचं, म्याडम, तुलना करून सांगता काय.

तर बकरी.

संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालकडच्या एका गावात नवा प्रवासी निवारा बांधून झाला. गावाचं नाव सांगत नाही, बकरीमुळं झाली तेवढी कीर्ती त्याला पुरे आहे. उद्घाटनाला एक माजी सभापती यायचे होते. फीत बांधली, तबकात कात्री ठेवली, मंडळी उन्हात उभी राहिली. सभापती काही येईनात. मंडळी कंटाळून मंडपात चहाला गेली आणि तेवढ्यात एका बकरीनं येऊन फीत खाल्ली. सभापती आले, कात्री हातात घेतली, आणि समोर कापायला काहीच नाही. शेवटी मंडपवाल्याची सुतळी बांधून ती कापली.

आता पाच पेपर पाहा. पाच म्हणजे खरं तर तीन छापील पेपर, एक मोबाईलवरचं पोर्टल आणि आमचा स्वतःचा व्हॉट्सॲप अंक. शेवटच्या दोघांचे मी प्रिंट काढून घेते, कारण मला हातात कागद लागतो. नावं घेत नाही, रोज बसस्टँडवर एकमेकांची तोंडं पाहायची असतात.

मोठ्या पेपरनं छापलं, ‘माजी सभापतींच्या हस्ते प्रवासी निवाऱ्याचे थाटात लोकार्पण’. बकरी शेवटच्या ओळीत. जुन्या पेपरनं छापलं, ‘शेळीने उरकले उद्घाटन, नियोजनाचा फज्जा’. त्यात सभापती शेवटच्या ओळीत. तिसरा पेपर लाल मथळ्यांचा. त्याचा मथळा, ‘फीत खाल्ली की खायला लावली?’ मथळ्यात प्रश्नचिन्ह दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही आणि ते शोधायच्या खर्चात पडायची तयारीही नाही. पोर्टलवर होतं, ‘बकरीने असं काही केलं की सभापती पाहतच राहिले’. आणि आमच्या व्हॉट्सॲप अंकात बाळाभाऊंनी स्वतः टाकलं होतं, ‘बकरीनं मारलं मैदान’.

चारी दिशांना तोंडं असलेल्या या पाच बातम्या. पण एका गोष्टीवर पाचही जणांचं एकमत होतं. बकरी सुमनताईंची.

“बरं, तुमची बकरी नव्हती असं धरू,” मी म्हटलं. “पण त्यासाठी तुम्ही तिला घेऊन एवढ्या लांब आलात?”

“आली. वांग्याच्या टेम्पोत बसून आली, शेगाव, खामगाव करत. ड्रायव्हर म्हने बकरीनं वांगं खाल्लं तं तुमी पाहा. तिनं एक वांगं नाई खाल्लं.”

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. निवाऱ्याला लागून एक खोली आहे. तिथं चहा-फराळाचं दुकान टाकायचं ठरलं होतं आणि ते गावातल्या बायकांच्या बचत गटाला मिळणार होतं. सुमनताई गटाच्या अध्यक्ष. भांडी आणून झाली होती, शेगडी आणून झाली होती. गटातल्या एकीनं तर कचोरीचा मसाला करून डबे भरले होते. आणि बकरी प्रकरण झालं.

“सभापती फुगून गेले न मंग. सरपंचाचं तोंड उतरलं. आता सरपंच म्हनते, जिची बकरी सरकारी कार्यक्रमाची फीत खाते तिले सरकारी खोली काऊन द्यायची? परवा ग्रामसभा हाय. मी म्हटलं, बाप्पा, माही मैना घरी बांधेल होती. तं म्हनते, पाच पेपरात आलं वैनी, पाचई जन खोटे कसे असतीन? आन् म्हनते, चिखलीच्या त्या म्याडमच्या सदरात काय येते पाहू, त्यावर ठरवू.”

एवढं बोलून त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पदरानं पुसलं नाही, तसंच राहू दिलं. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटली. माझ्या सदरावर कोणाची शेगडी पेटायची थांबावी, इतकी काही मी मोठी नाही.

तेवढ्यात बाळाभाऊ वर आले. त्यांनी बकरी पाहिली, बाई पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्याडम, यात काय अवघड हाय? टेस्ट घेऊ.”

“कसली टेस्ट?”

“फीत देऊ खायला. खाल्ली तं गुन्हेगार. नाई खाल्ली तं निर्दोष. फोटोसकट छापू, पान एक.”

दुकानाच्या उद्घाटनातली उरलेली लाल फीत त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती. ते स्वतः खाली जाऊन घेऊन आले. मैनासमोर धरली. मैनानं वास घेतला आणि मान फिरवली. बाळाभाऊंनी दुसरीकडून धरली. मैनानं दुसरीकडं मान फिरवली. मग ते गुडघ्यावर बसले आणि तिच्याशी लाडीगोडी करायला लागले, “खाय न माय, थोडीशी.” जिल्ह्यातल्या एका जबाबदार साप्ताहिकाचे मालक-संपादक बकरीला फीत खायची गळ घालताना मी पाहिले आहेत.

“निर्दोष!” ते उठून म्हणाले. “लिहा म्याडम!”

“बाळाभाऊ, ती आत्ता टेम्पोत पोटभर पाला खाऊन आली. आज खाल्ली नाही म्हणजे त्या दिवशी खाल्ली नाही असं होत नाही.”

यावर बाळाभाऊ दुखावले ते दुखावलेच, पण सुमनताई जास्त दुखावल्या.

“माही मैना चिंध्या खात नाई म्याडम. खात्यापित्या घरची हाय थे.”

“तसं नाही हो, मी पुराव्याबद्दल बोलतेय.”

आम्ही तिघं पुराव्यावर बोलत असताना मागून टरकन आवाज आला. माझ्या खुर्चीमागं भिंतीवर या सदराचे नियम माझ्या हातानं लिहून चिकटवले होते. खालची चिकटपट्टी सुटली होती. मैनानं तिथून सुरुवात केली होती आणि ‘घटनास्थळी कोण होते हे आधी तपासा’ इथपर्यंत आली होती.

सुमनताईंनी तिला ओढलं.

“कागदाची गोष्ट येगळी,” त्या म्हणाल्या. “मी कपड्याचं सांगतलं.”

बाळाभाऊ म्हणाले, “नेमका कामाचा नियम खाल्ला पा म्याडम तिनं.”

तो नियम कामाचा होताच. पाठ होता म्हणून बरं. मी दोघांना चहा सांगितला, बकरीला जिन्याच्या कठड्याला बांधायला लावलं आणि माझ्या पद्धतीनं कामाला लागले.

आमची पद्धत साधी आहे. पहिल्यांदा सगळे मथळे झाकायचे, कारण ते वार्ताहराचे नसतात. मग लाल पेनानं विशेषणं खोडायची. ‘थाटात’ गेलं, ‘फज्जा’ गेला, ‘धक्कादायक’ गेलं. उरतं ते पाहायचं. कोणी काय सांगितलं आणि कोणी काय गाळलं, हेही पाहायचं, पण का गाळलं याचा अंदाज करायचा नाही. मोठ्या पेपरनं बकरी शेवटी ढकलली ती सभापतींच्या भीतीनं की जागेअभावी, हे मला चिखलीत बसून कळत नाही. जे कळत नाही ते लिहायचं नाही. बाळाभाऊंना हा नियम सर्वांत नावडता आहे, कारण सगळी मजा त्यातच असते असं त्यांचं म्हणणं.

मथळे झाकले, विशेषणं खोडली आणि पाचही बातम्या ओळीनं मांडल्या. आणि खोडलेल्यांत मला एक शब्द दिसला. ‘क्षुधातुर’.

‘एका क्षुधातुर शेळीने फीत फस्त केली.’ मोठ्या पेपरात क्षुधातुर. जुन्यात क्षुधातुर. लालमध्ये क्षुधातुर. पोर्टलवर क्षुधातुर. आमच्याही अंकात, बाळाभाऊंच्या ‘मैदाना’खाली, क्षुधातुर.

पाच वेगवेगळ्या माणसांनी एकच घटना पाहिली तर ती पाच तऱ्हांनी लिहितात. एक म्हणेल भुकेली, एक म्हणेल उपाशी, एक म्हणेल खादाड. पाच जणांना एका दुपारी ‘क्षुधातुर’ सुचत नाही. संग्रामपूर तालुक्यात तर हा शब्द एकाच माणसाला सुचतो. ते म्हणजे देविदासभाऊ. दुष्काळातली गुरं असोत की महाप्रसादाची रांग, त्यांच्या बातमीत सगळे क्षुधातुरच असतात. आणि देविदासभाऊ आमचे, म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे, त्या भागातले वार्ताहर, राहायला त्याच गावात.

मी बाकीच्या पेपरांच्या वार्ताहरांना फोन लावले. मोठ्या पेपरवाला म्हणाला, “त्या दिवशी देविदासभाऊची बारी होती न.” जुन्या पेपरवाला म्हणाला, “कॉपी देविदासभाऊचीच. चांगली लिवते तो.” लालवाला म्हणाला, “पहिली ओळ मात्र मी बदलली म्याडम. आपलीबी मेहनत असते.” पोर्टलवाल्यानं पहिली ओळही बदलली नव्हती, ते त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

बारी म्हणजे काय ते सांगते. तालुक्याच्या वार्ताहराला या कामावर घर चालत नाही. कोणाचं वावर असतं, कोणाचं झेरॉक्सचं दुकान. एका दिवशी तीन गावांत तीन कार्यक्रम. मग ते आपसांत बाऱ्या लावतात. आज तू जा, उद्या मी जातो. जो जाईल तो बातमी लिहून फोटोसकट ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे उचलून आपापल्या पेपरला पाठवतात. पेपर वेगळे, मथळे वेगळे, पानं वेगळी, पण पाहणारे डोळे दोनच. वाचक मात्र पाच पेपर वाचतो आणि म्हणतो, पाचही जण खोटे कसे असतील.

“म्हंजे पाच जनायनं नाई, एकानंच सांगतलं?” सुमनताई म्हणाल्या.

“एकानं. आता त्या एकानं काय पाहिलं ते विचारू.”

मी फोन स्पीकरवर टाकला.

“देविदासभाऊ, नमस्कार.”

“बोला म्याडम! बकरीची बातमी कशी वाटली? पाचई जागी लागली.”

“छान. तुम्ही कार्यक्रमाला होता ना?”

“बारी माहीच होती.”

“बारी होती. तुम्ही होता का?”

देविदासभाऊ पलीकडं खाकरले.

“त्याचं काय हाय म्याडम, सोनाळ्याले साल्याच्या पोरीचं लगन होतं. न जावं तं घरी मंडळी बोलनं बंद करते. गेल्तो. पन खात्रीलायक सूत्रांकडून पूर्न माहिती घेतली.”

“कोण सूत्र?”

“आमची माय. घरीच होती थे.”

“मायनं फीत खाताना पाहिलं?”

“नाई. तिले शेजारचीनं सांगतलं.”

“मग बकरी सुमनताईंची आहे, हे शेजारणीनं सांगितलं?”

“नाई बा. माय नुसतं म्हने, बकरीनं फीत खाल्ली. म्याही तेवढंच लिवलं, एका क्षुधातुर शेळीने. मंग मोठ्या पेपरवाल्याचा फोन आला, त्याच्या डेस्कनं इचारलं. म्हने शेळी कोनाची? मालकाचं नाव द्या, नावाबिगर बातमी लागत नाई. इकडं पंगत बसून राह्यली, जिलबी वाढून राह्यले. सुमनवैनीची बकरी गावभर फिरत राह्यते. म्हटलं, थेच असन. देऊन टाकलं नाव, ग्रुपवर बी टाकलं.”

सुमनताई उठल्या. मी हातानं थांबवलं. कारण दरम्यान मी दुसरं एक काम करत होते.

पाचही बातम्यांना एकच फोटो होता. मंडपाच्या फोटोवाल्यानं काढलेला, बारीच्याच ग्रुपवरून गेलेला. पेपरात फोटो कापून छापतात. मोठ्या पेपरनं सभापती ठेवले होते, जुन्यानं सरपंचांचा पडलेला चेहरा ठेवला होता, लालनं नुसती कात्री. आम्ही सभापतींचा अर्धा खांदा आणि पाटी ठेवली होती, ती का ते बाळाभाऊंनाच ठाऊक. पोर्टलवाल्यांना फोटो कापायलाही वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तो आहे तसा टाकला होता. आळसाचा पत्रकारितेला उपयोग होतो तो असा.

मी पोर्टलचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. उजव्या कोपऱ्यात, दोन पांढऱ्या पायजम्यांच्या मधून, एक बकरी डोकावत होती. तोंडातून बोटभर लाल फीत लोंबत होती. बकरी तांबूस होती. मैना काळी कुळकुळीत.

“पाहा! पाहा!” सुमनताई ओरडल्या. “माही हाय काय हे?”

“थांबा,” मी म्हटलं, कारण मला आणखी काही दिसत होतं. बकरीच्या गळ्यात निळा पट्टा होता. मी आणखी मोठं केलं. पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रेस’. आणि ‘प्रेस’च्या खाली एका कृषी सेवा केंद्राचं नाव.

बाळाभाऊंनी चष्मा लावला. स्क्रीनजवळ गेले. मला वाटलं आता यांना घाम फुटणार. गेल्या दिवाळीत आपल्या सगळ्या वार्ताहरांना ओळखपत्र गळ्यात घालायचे हे निळे पट्टे त्यांनीच वाटले होते. आणि त्या सबंध तालुक्यात आमचा वार्ताहर एकच.

“म्याडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “दुकानाचं नाव किती साफ आलं पा.”

मी फोनकडं वळले. माझी प्रमाणभाषा एव्हाना संपली होती.

“देविदासभाऊ, तुमच्या घरी बकरी हाय काय?”

“हाय न म्याडम. मायच्या चहाच्या दुधाले.”

“तिले कायनं बांधता?”

“दोरानं.”

“कोन्त्या दोरानं?”

“हॅलो? हॅलो? आवाज कटून राह्यला म्याडम.”

इथं सुमनताईंनी टेबलावरचा फोन उचलला. स्पीकर चालूच होता, पण त्यांना त्याची गरज नव्हती.

“काऊन रे देविदास? माह्या मैनाले गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाई तुनं! तुह्या बकरीच्या गळ्यात प्रेसचा पट्टा, आन् गुन्हा माह्या बकरीवर?”

“वैनी? तुमी कुठून बोलून राह्यल्या?”

“चिखलीहून! म्याडमच्या हाफिसातून! बोल आता!”

मग देविदासभाऊ बोलले. माणूस वाईट नाही हो, मऊ आहे. ओळखपत्र खिशात मावतं, पट्टा उगाच पडून होता, चांगला मजबूत होता, म्हणून बकरीला घातला. लग्नाच्या गडबडीत दावं सुटलं. दुसऱ्या दिवशी गोठा झाडताना लेंड्यांत लाल धागे दिसले, तेव्हा त्यांना समजलं.

“मग तेव्हाच खुलासा का नाही पाठवला?” मी विचारलं.

“पाठवनार होतो म्याडम. आईशपथ. पन पेपर पाह्यले तं पाचई पेपरात सुमनवैनीचं नाव. मले बी वाटलं, एवढ्या जनायनं छापलं म्हंजे वैनीचीच असन. आमच्या बकरीनं दुसरं काई लाल खाल्लं असन.”

स्वतःच मारलेली थाप पाच ठिकाणी छापून आली, म्हणून तिच्यावर स्वतःचाच विश्वास बसला. डेस्कवरच्या सगळ्या नोकरीत मला कोणी इतकं सोपं करून काही समजावलं नव्हतं. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग बाळाभाऊ हसले, आणि शेवटी सुमनताईही, फोन हातात धरून. पलीकडून देविदासभाऊ विचारत होते, “म्याडम, माही बारी तं नाई जाईन न?”

सदर मी त्याच संध्याकाळी लिहिलं. बाळाभाऊंशी शेवटची झटापट व्हायची होती ती झाली.

“आपलं नाव गाळा म्याडम. बाकी चार ठेवा.”

“सदर पाच पेपरांचं आहे. दुसऱ्याची चूक दाखवायची आणि आपली झाकायची, तर मग ती तुलना नाही, भांडण.”

“मंग चांदण्या तरी द्या. आपल्याले एक जास्त.”

“नाही.”

“फोटो?”

“फोटो पूर्ण छापायचा. काही कापायचं नाही.”

“पट्ट्यासकट?”

“पट्ट्यासकट.”

त्यांनी विचार केला. “मंग रंगीत छापू. दुकानाचं नाव वाचता आलं पाह्यजे.”

असं आमचं एकमत झालं. सदरात मी कोणाला खोटारडा म्हटलं नाही, कोणाचा हेतू काढला नाही. पाचही मथळे दिले, कोणी काय कापलं ते दिलं, बातमीचा माग देविदासभाऊंपासून त्यांच्या मायपर्यंत आणि मायपासून शेजारणीपर्यंत दिला, आणि सुमनताईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत दिलं. आणि एक ओळ वेगळ्या चौकटीत टाकली: ‘घटनास्थळी प्रेसचा पट्टा घालून हजर: फक्त एक बकरी. तिने बातमी दिली नाही.’

देविदासभाऊंनी खुलासा लिहून ग्रुपवर टाकला. मोठ्या पेपरनं तो छापला नाही. जुन्यानं पंचांगाखाली छापला. लालनं विचारलं, ‘बकरीच्या गळ्यात पट्टा कोणाचा?’ पोर्टलनं टाकलं, ‘बकरीच निघाली पत्रकार, पुढे जे झालं ते वाचून थक्क व्हाल’. पुढे काहीच झालं नव्हतं.

ग्रामसभेत सुमनताईंनी आमचा अंक वाचून दाखवला. खोली गटाला मिळाली. मला फार आनंद झाला, इतका की मी बाळाभाऊंना चांदणी देऊ केली. पण सरपंच ग्रामसभेत काय म्हणाले ते नंतर समजलं. ते म्हणाले, “रंगीत छापून आलं म्हंजे खरंच असन.” निर्णय बदलला, पद्धत तीच राहिली. आपण नोकरी करतो, सगळी दुनिया आपल्या गळ्यात घेऊ नये.

पुढं एकदा शेगावला गेले होते, तशीच पुढं त्यांच्या गावी गेले. निवाऱ्यात दुकान जोरात चाललं होतं. कचोरी गरम, चहा गोड, बाकावर जागा नाही. मैना मागं खुंटीला बांधलेली होती, चांगल्या नव्या दोरानं. बाकावर बसलेला एक म्हातारा शेजारच्याला सांगत होता की सभापतींनी बकरीवर कात्री उगारली होती.

“होते काय तुमी तिथं, बुढेबाबा?” सुमनताई गाळणी झटकत म्हणाल्या.

“नाई, पन आमचा जावई...”

“जावई होता काय?”

म्हातारा गप्प बसला. मग त्याला चहा मिळाला. मला समजलं की इथं आता असंच चालतं. जो येतो तो काहीतरी सांगतो, आणि चहाच्या आधी सुमनताई हा एक प्रश्न विचारतात. देविदासभाऊसुद्धा तिथंच चहा पितात म्हणे, आणि हल्ली कार्यक्रमाला स्वतः जातात.

मला फारच समाधान वाटलं. माझा नियम, बकरीनं खाल्लेला, इथं रुजला होता. मी ऐटीत बाकावर सरकून बसले आणि शेजारच्या प्रवाशाला सांगायला लागले, की त्या दिवशी इथं लोक उन्हात ताटकळत उभे होते, सभापती आले, कात्री उचलली, समोर फीत नाही, त्यांचा चेहरा असा झाला...

सुमनताईंनी माझा कप हातातच धरून ठेवला.

“म्याडम, तुमी होत्या काय तिथं?”

नव्हते. मी गप्प बसले, मग मला चहा मिळाला.